गेटवर माणसं मोजणारे खैरनार सर

शैलावहिनी, सरांचे विद्यार्थी, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून अर्धी रजा टाकून आलेले मित्रहो,

मी बातमीदार, म्हणजे मला बोलता येत असणार, अशा समजुतीने सरांच्या या शोकसभेत मला उभं केलंत. आज येत नाही. आणि ते केवळ दुःखाने नव्हे. मला भीती वाटते आहे. कसली, ते सांगतो.

खैरनार सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वेगाने वाढणाऱ्या कंपन्या हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. कोणती वाढते, का वाढते, आणि खरंच वाढते का? पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ विद्वान बसलेले आहेत. तिसऱ्यासाठी सर कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसायचे. शिफ्ट सुटली की माणसं मोजायचे, त्यांच्याशी बोलायचे.

मी संस्कृत पाठशाळेत वाढलेला, त्यामुळे विशेषणांचं कोठार भरलेलं. दरवर्षी आमच्या पुरवणीत अशा कंपन्यांची यादी मी करतो. कंपन्या अर्ज भरून पाठवतात, मी 'गरुडझेप' असं लिहितो. सर विचारायचे, "पंडित, गरुड पाहिलास का कधी?"

यंदा पहिल्या क्रमांकाच्या कंपनीत तीन वर्षांत माणसं दुप्पट झाली, असं मी छापलं. दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "टपरीवर ये."

गेलो. शिफ्ट सुटली. डबा घेऊन निघालेल्या एका गृहस्थांना सरांनी थांबवलं.

"दादा, नवीन लागले का?"

"नवीन कशाचा, साहेब? अकरा वर्षं झाली. शेजारच्या युनिटला होतो. ते यांनी घेतलं. मशीन तेच, मी तोच. शर्ट तेवढा नवा भेटला."

"अन् तिथले बाकीचे?"

"थोडे घेतले. थोडे घरी बसले."

सरांनी दोन कटिंग एका पेल्यात ओतले. काही चहा बाकावर सांडला. "हाई वाढ नही शे, पंडित." सर सटाण्याचे. राग आला की अहिराणी यायची. "दुरुस्ती छाप. लोक तुझी यादी वाचून नोकऱ्या बदलतात रे."

मी म्हणालो, बघू.

बघू का म्हणालो? त्या कंपनीचे मालक आमचे मोठे जाहिरातदार. संपादक काय म्हणतील? आणि चूक तर माझीच. त्याच आठवड्यात माझ्या पुतणीचा, रोहिणीचा फोन आला. तीही सरांची विद्यार्थिनी. "काका, मला तिथून ऑफर आलीय. हातातली पक्की नोकरी सोडू ना? तुम्हीच पहिला नंबर दिलाय."

खरं ते तोंडाशी आलं होतं. म्हणालो, "चांगली कंपनी आहे."

मंगळवारी सरांचा फोन आला, "छापलीस का?" म्हणालो, बघतो. गुरुवारी सर गेले.

मित्रहो, बातमी कळली तेव्हा क्षणभर माझ्या मनात आलं, आता विचारणारं कोणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. मालकांची भीती वाटते, संपादकांची वाटते. पण त्या क्षणाची जितकी वाटते, तितकी कुणाचीच नाही. इतकी वर्षं सर सोबत होते म्हणून मी बरा माणूस होतो की काय?

रोहिणी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने राजीनामा दिलाय. सोमवारी तिकडे रुजू व्हायचंय.

रोहिणी, ती यादी चुकीची आहे. मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं. उद्या सकाळी तुझ्या जुन्या साहेबांकडे जाऊ, मी बरोबर येतो. ते परत घेतील का, ठाऊक नाही. दुरुस्ती लिहून खिशात ठेवली आहे. ती छापतील का, तेही ठाऊक नाही.

आता आपण सर्वांनी उभं राहावं. सरांसाठी दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. त्यानंतर रोहिणीने मला काय बोलायचं ते बोलावं. मी इथेच उभा आहे.