गिरणीवरचं वजन

माझं वजन वाढलं म्हणून घरात आनंद झाला होता, ते सांगतो. हार्टच्या दुखण्यातून घरी आल्यावर दवाखान्यातल्या शबाना सिस्टर दर सोमवारी फोन करून वजन विचारायच्या. घरी काटा नाय, म्हणून मी गारखेड्यातल्या पिठाच्या गिरणीवर, गव्हाच्या काट्यावर उभा राहायचो. एकदा वजन बरंच वाढलं. बायको लई खूश झाली, रोज तूप-भात घालत होती ना.

फोन आला तसं मी हौसेनं सांगितलं. सिस्टरनी लगेच विचारलं,

"बाबा, घोट्यावर बोट दाबून उचला. खड्डा राहतो का?"

"व्हय, राहतोय."

"मग हे अंग नाय भरलं, पाणी साचलंय. आत्ताच्या आत्ता निघा."

रिक्षात बायको माझ्या घोट्यावर बोट दाबून बघत होती. दवाखान्यात पाणी उतरवलं, म्हणून वाचलो.

आता ती दर सोमवारी माझ्यासंगं गिरणीवर येते. परवा गिरणीवाला म्हणाला, "काकू, काका काय भरंनात बघा."

ती काट्याकडंच बघत म्हणाली, "राहू दे रे. हायेत तेवढे पुरेत मला."