बटण सांभाळ

नाही, पण मला सांगा, परीक्षेला बसणार मी, परदेशात जाणार मी, आणि क्रियापद आधी पाठ झालं कोणाचं? आमच्या बाबांचं! शर्टांना इस्त्री करता करता! तुम्हाला सांगते, लाँड्रीवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने परकी भाषा शिकायलाच घेऊ नये... तिलाही घडी पडते.

झालं काय, मला फ्रेंचची तोंडी परीक्षा द्यायची होती. पास झाले तर तिकडच्या एका शाळेत वर्षभराची नोकरी, नापास झाले तर जन्मभर इथे दुसऱ्यांच्या कॉलरी. मधलं काही नाही! आणि सगळं अडलं होतं एका काळापाशी, पूर्ण भूतकाळ. म्हणजे झालेल्या गोष्टीच्याही आधी होऊन गेलेली गोष्ट... भूतकाळाचे आजोबाच म्हणा ना! शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "सोपं आहे गं, साधं सरळ क्रियापद घे. स्वप्न पाहणे घे. मी स्वप्न पाहिलं होतं, तू पाहिलं होतंस, त्याने पाहिलं होतं..."

आता खरं तर हा काळ मला उपजतच यायला हवा होता, कारण आमच्याकडची वडीलधारी माणसं दुसऱ्या कुठल्या काळात राहतच नाहीत. नळ गळला, "मी तेव्हाच सांगितलं होतं!" दूध उतू गेलं, "मी तेव्हाच सांगितलं होतं!" अहो कधी? कोणाला? एकदा विचारलं मी, तर बाबा म्हणाले, "तू हे विचारशील, हेसुद्धा मी तेव्हाच सांगितलं होतं."

बरं, बसून अभ्यास करायची सोय नाही. बसलेली मुलगी आत्याला रिकामी दिसते. "देवाने दोन हात दिलेत ना तुला?" म्हणून मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून पाठ करायला लागले. शर्टाला सहा हात मारायचे, ही बाबांची शिस्त. कॉलर, खांदा, बाही, बाही, पुढा, पाठ. आणि क्रियापदाची रूपंही सहाच! जमलं की! झावे रेव्हे, कॉलर. त्यु आवे रेव्हे, खांदा. इलावे रेव्हे, डावी बाही. नूझाव्यों रेव्हे, उजवी बाही... आणि खरं सांगू? त्या ओल्या कापडातून वाफ वर यायची, चष्म्याच्या काचा पांढऱ्या व्हायच्या, समोरची भिंत दिसेनाशी व्हायची, आणि त्या पांढऱ्यात मला एक जिना दिसायचा, जिन्याच्या टोकाला एक खोली, खोलीची किल्ली माझ्या एकटीच्या हातात, खिडकीतून कोणीच मला हाक मारत नाहीये... मी अलगद एकेक पायरी चढत असायचे, आणि—

"बटण सांभाळ!"

बाबा! पाचवा हात म्हणजे पुढा, पुढ्यावर बटणं, बटणावर इस्त्री टेकली की ते विरघळतं, म्हणून तीस वर्षं हा माणूस प्रत्येक शर्टाच्या पाचव्या हाताला "बटण सांभाळ" म्हणतो. समोर कोणी नसलं तरी म्हणतो! महिन्याभरात काय झालं असेल? पलीकडच्या टेबलावरून बाबा माझ्याबरोबर म्हणायला लागले, "वूझाव्ये... बटण सांभाळ... रेव्हे!" आत्या बाही आधी करते, म्हणून ती तिसऱ्या रूपापासून सुरू करायची. मी ओरडले, "अहो, याचा अर्थ तरी माहितीये का तुम्हाला?"

"काय आहे अर्थ?"

"स्वप्न पाहिलं होतं. तुम्ही पाहिलं होतं का कधी, बाबा?"

बाबांची इस्त्री थांबली. वाफेत मला चेहराच दिसेना. आत्या म्हणाली, "पाहिलं होतं तर! बोटीवर जायचं होतं त्याला. निघाला, आणि दुसऱ्या दिवशी ओकत परत आला."

"मी तेव्हाच सांगितलं होतं," बाबा म्हणाले, "मला बोट लागते." आणि पुढची कॉलर ओढली.

परीक्षेच्या दिवशी समोर तीन माणसं, मधल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, आणि माझं डोकं... कोरं! धुऊन वाळत घातलेलं! शेवटी हात आपोआप टेबलावर गेला, आणि मी, काय सांगू तुम्हाला, त्यांच्या टेबलाला इस्त्री करायला लागले. कॉलर, खांदा, बाही, बाही... सगळं सरसर आलं. आणि पाचव्या हाताला मी भर परीक्षेत ठणकावून म्हणाले, "वूझाव्ये... बटण सांभाळ... रेव्हे!"

बाई म्हणाल्या, "मधला शब्द कुठला?"

म्हटलं, "घरचा."

"समजावून सांगा." मग काय, सांगितलं सगळं, फ्रेंचमध्ये, त्याच काळात. बाबांनी काय ठरवलं होतं, बोट कशी लागली होती, तीस वर्षं काय सांगितलं होतं... बोलतच सुटले, थांबता येईना.

पास झाले. घरी येऊन सांगितलं, तर बाबा काय म्हणाले असतील?

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"बटण सांभाळ."

आले इकडे. जिना आहे, खोली आहे, किल्ली आहे. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घेतला, इस्त्री तापवली, वाफ आली, काचा पांढऱ्या झाल्या... आणि त्या पांढऱ्यात दिसलं काय? दुकान! दोन टेबलं, आत्याचा पदर, बाबांची पाठ. झावे रेव्हे, त्यु आवे रेव्हे... पाचव्या हाताला मी थांबले. वाट बघत थांबले. कोणी काही बोलेचना... आणि चर्रर्र! गेलं बटण.

फोन लावला. म्हटलं, "म्हणा आता, तेव्हाच सांगितलं होतं."

तिकडे नुसती इस्त्रीची फुसफुस. मग बाबा म्हणाले, "नाही गं... आज सांगायचं राहिलं."

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या इस्त्रीच्या वेळेला फोन येतो. "सांभाळलंस?" मी म्हणते, "हो बाबा, सांभाळलं." आणि फोन ठेवून बिनबटणाचा सदरा डोक्यातून घालते आणि जिना उतरते. त्या दिवसानंतर शर्टाला हातच लावलेला नाही मी! कळेल त्यांना एक दिवस... आणि कळल्यावर ते काय म्हणतील, तेही मला पाठ आहे.