बाहेरचं हाड

गुणाजी : चाळीस वर्षं हाडं बसवतोय मी. तीन दिवसांपूर्वी नाथाच्या मोडल्या पायाला कामट्या लावून कापडाने बांधून गेलेलो. वरून ही तागाची दोरी कोणी आवळली, गोदा?

गोदा : मीच, बाबा. ह्यांनी सांगितलं म्हणून. वरून पाणीपण मारलं.

नाथा : तिला बोलू नका. मिठागरात पाणी आडवायची फळी आमी अशीच बांदतो. दोरी भिजली की आवळते, मंग भरतीलापन हलत नाय. माजं हाड जाग्यावर ऱ्हावं म्हनून केलं.

गुणाजी : पाय काळानिळा पडलाय. गोदा, विळा आण.

नाथा : सोडू नका, बाबा. त्या कुडावरचा नाकतोडा बघा. केवडासा जीव, पन वरून टनक. मीपन पायाला तसंच केलं.

गुणाजी : अरे, त्याच्या आत हाडच नाही. वर दिसतं तेच त्याचं हाड, मांस आत. आपलं उलटं. पाय मोडला की मांस सुजतं, त्याला फुगायला जागा लागते.

नाथा : मंग तो वाडतो कसा?

गुणाजी : पिलू असताना अंगात मावेनासं झालं की पाठीवर कवच फोडून बाहेर येतो. नवं कवच मऊ असतं, ते टणक होईपर्यंत दडून बसतो. फोडता आलं नाही तर आतच मरतो. तुझ्या पायाला दोरी फोडता आली नाही, नाथा.

गोदा : परवा रात्रभर ठणकत होता. काल ठणका थांबला. मला वाटलं, गुण आला.

गुणाजी : कालपासून काहीच दुखत नाही?

(दोरी कापली जाते.)

गुणाजी : डोळे मीट. मी बोटं चिमटतो, कुठलं ते सांग. नाही कळलं तर पाय मेलाय, आत्ताच ठाण्याला, गोऱ्या डाक्तराकडं.

नाथा : तो पाय कापंल.

गुणाजी : न कापता विष अंगभर चढलं तर जीव जाईल.

नाथा : एका पायावर मिठागरात कसा उबा ऱ्हाऊ? भीती वाटते, बाबा.

गुणाजी : मलाही वाटते. मीट डोळे. सांग.

नाथा : आंगठा.

गुणाजी : आता?

नाथा : करंगळी. चांगलं कळतंय. बांदा परत.

गोदा : अहो, बाबांचे हात केव्हाचे त्यांच्या मांडीवरच आहेत. मी गाडी जुंपायला सांगते.