चार प्रस्तावनांचं पुस्तक

...नाही, पण मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाला प्रस्तावना लागतेच कशाला? तुम्हाला सांगतो, हे खूळ मीच डब्लिनहून आणलं! तिथे शिकताना आयरिश भाषेचा नाद लागला. बोलणारी माणसं शोधावी लागतात, पण पुस्तकाच्या प्रस्तावनेला शब्द किती! रेव्रा म्हणजे आधी सांगणं, रेवोकल म्हणजे आधीचा शब्द, ब्रोलख म्हणजे प्रस्तावना आणि छातीसुद्धा, आणि दीनव्रोलख... टीकेचे वार व्हायच्या आतच पुस्तकापुढे धरलेली ढाल! मी शहारलो. म्हटलं, आपली मराठी अशी प्रस्तावनेपुरती उरता कामा नये!

तसाच आखातात, दम्मामला आईबाबांकडे आलो आणि शुक्रवारी मुलांचा मराठी वर्ग काढला. वर्ग कसला... मी मराठीत विचारायचं आणि छोट्या अनुष्कानं "आय डोन्ट नो, दादा" म्हणायचं! म्हणून गोष्टींचं पुस्तक काढू म्हटलं, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत उत्साहाच्या भरात हे चारही शब्द सांगून बसलो.

झालं! अध्यक्ष विजयकुमारकाका म्हणाले, "वा! म्हणजे चार वेगवेगळ्या! रेव्रा माझी. गोष्टी काय, होतील रे. आधी प्रस्तावना!" मंजुषाकाकू उसळल्या, "ब्रोलख पुरुषांना देऊ नका हं, मुलं छातीशी धरली आम्ही!" वयाचा मान म्हणून रेवोकल अण्णासाहेबांना. "मी आपले दोनच शब्द लिहितो," म्हणाले, आणि पानामागून पान... ढाल माझ्याकडे. तिकडे कुवेत पडलं, ओळखीची घरं बंद व्हायला लागली, मी म्हणतोय, "काका, गोष्टी टाईप करू का?" तर, "यल्ला यल्ला, चला चला काय लावलंयस? आधी प्रस्तावना!"

जानेवारीत युद्धाचे भोंगे वाजले. खिडक्यांना चिकटपट्ट्या, हाताशी विषारी वायूचे मास्क! काकांच्या ऑफिसात प्रस्तावनांच्या झेरॉक्स तेवढ्या निघाल्या होत्या, मग ऑफिसच बंद. खलास!

एकेक करून मुलं गेली. शेवटी अनुष्का. गाडीनं जेद्दा, तिथून नाशिक. मांडीवर मास्कचा डबा. दुसरं काय देणार? त्याच झेरॉक्स टाचून केलेलं पुस्तक दिलं. तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, पार शेवटपर्यंत गेली... आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, अहो, पहिल्यांदाच, स्वच्छ मराठीत म्हणाली, "दादा, यात गोष्ट कुठंय?"

केवढं सुंदर वाक्य! वर्गात याच्यासाठी जीव काढला होता मी! आणि गाडी सुरू झाली की हो... हात हलवत म्हटलं,

"आधी प्रस्तावना, बाळा..."