बॅटरीची कचरागाडी

अरे, आमच्या गावची कचरागाडी तुमाले सांगतली का? ग्रामपंचायतीनं आता पर्यावरणाले झेपन अशाच वस्तू घ्याव्या, असा वरून हुकूम आला. मायी शांताकाकू सरपंच. तिनं डिझेलची गाडी नाकारून बॅटरीची घेतली. पण गावात लाइन टिकते कुठं? चार्जिंग अर्धवट राह्यली अन् गाडी कचऱ्यासकट केनवडच्या चढावावर बसली. नेमके त्याच दिवशी तालुक्याहून, रिसोडवरून, पंचायत समितीचे साहेब गाडी पाह्यले येऊन राह्यले होते.

मी म्हणलं, "काकू, गेली आपली इज्जत."

"काहून जाईन? तुयी बैलजोडी आण."

साहेब जीपमधून उतरले तं समोरून गाडी डौलात येऊन राह्यली, पुढं माये दोन बैल.

साहेब भडकले, "सरपंचबाई, हे काय? गाडी पर्यावरणपूरक पाहिजे होती!"

काकूनं पदर खोचला. "मंग ही काय हाये? पह्यले करंट तरी लागत होता साहेब, आता तो बी लागत नाही. वरून शेण फुकट."

साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मंग मोबाईल काढून हळूच म्हणाले, "बाई, फोटोपुरते बैल जरा बाजूला घ्या."