खारातून निघालेल्या दोघी

नेख्तू : हळू बोल, हेनूत! बाहेर पुजारी येऊन बसलेत.

हेनूत : पण झालंय काय, नेख्तूकाका? मला का बोलावलंत?

नेख्तू : माझी अक्कल गेली शेण खायला! राणीसाहेब आणि त्यांची दाई, तुझी आई, एकाच तापात गेल्या, दोघींना एकाच दिवशी मढी सुकवायच्या खारातून काढलं. धुताना गळ्यातल्या नावाच्या पाट्या सोडल्या, आणि आता कुठली कुणाची तेच कळेना.

हेनूत : अगं बाई! मग चेहरे बघा ना.

नेख्तू : चाळीस दिवस खारात पडलं की राणी काय नि दाई काय, सगळ्यांचं सुकट होतं. तू राणीसाहेबांची वेणीफणी करायचीस, तूच ओळख. चुकलं तर माझं नाक कापतील गं.

हेनूत : ही. ही राणीसाहेब.

नेख्तू : नक्की?

हेनूत : सांगतेय ना! सोन्याच्या पेटीत हिलाच ठेवा.

नेख्तू : थांब, पट्टी गुंडाळायला हात तर उचलू दे. हेनूत, तळहाताला घट्टे आहेत हिच्या. राणी काय दळायला बसायची?

हेनूत : काका, पाया पडते, ओरडू नका. आईनं आधी राणीला पाजलं, उरलं तर मला. राणी झाली तरी ती अंधाराला भ्यायची, म्हणून आई जन्मभर तिच्या पायथ्याशी जमिनीवर झोपली. आता तरी चांगलं झोपू दे की आईला! कुणाला कळणारे?

नेख्तू : इथं नाही कळणार. पण मेल्यावर तिकडं ओसिरिसदेवाच्या दरबारात खरंखोटं बघायला काळीज तराजूत घालतात. पेटीवर नाव राणीचं. देव विचारतील, तू कोण गं? काय सांगेल तुझी आई? थाप मारेल?

हेनूत : आई? दोन अंजिरं जास्त आली तरी परत द्यायला बाजारात जायची ती.

नेख्तू : मग खोट्या नावानं आली म्हणून तराजूपाशी बसलेली मगरतोंडी राक्षसीण तिचं काळीज गिळेल. माणूस दुसऱ्यांदा मरतं, पोरी. मग काहीच उरत नाही.

हेनूत : नका ना असं बोलू!

(दारावर थाप पडते.)

नेख्तू : आले! बोल लवकर.

हेनूत : पलीकडची. पलीकडची राणीसाहेब.

नेख्तू : आणि ही?

हेनूत : ही इपी. दाई होती. विचारलं की एवढंच सांगेल ती.