शेजारची सीट

परक्या मुलखात, विमानतळाच्या बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आली, म्हणून नर्सने वळून पाहिलं. एक पिकल्या केसांचा मराठी ट्रकचालक होता. दुसरा त्याचा ट्रकवरचा जोडीदार, भलत्याच देशातून आलेला.

"दादा, नको जाऊ. सगळा रस्ता मी चालवतो. तू फक्त शेजारी बस."

"डोळ्यांनी दगा दिला, लायसन्स गेलं. आता गावी जाऊन पडतो."

"मी आला तेव्हा मला कोणाचा भाषा येत नव्हता. तू बोलत राहिला."

"झोप येऊ नये म्हणून बडबडत होतो रे. तू शिकशील असं कुठे वाटलं होतं?"

"आता मी कोणाशी बोलू?"

"बायको आहे ना तुझी."

"तिला मराठी नाही येत."

बस आली. त्यांना आधी चढू द्यायला नर्स बाजूला झाली. दादाने हातातली बॅग खाली ठेवली.

"बाई, तुम्ही व्हा पुढे. आम्ही मागच्या बसने येतो."